चाकाला हात लावू नको

अहो, चाक मोकळं फिरतंय. मोटरसायकल मधल्या स्टँडवर घेतली, मागच्या चाकाला एक हात मारला आणि ते फिरतच राहिलं. कुठं घासणं नाही, कुठं कुरकुर नाही. तुम्ही असतात तर बाजेवरून उठून आला असतात, स्वतः एकदा फिरवून पाहिलं असतंत आणि म्हणाला असतात, "ठीक हाय, पण चेन ढिली ठेवली." कौतुक करायच्या आधीच तुम्ही गेलात असं मी म्हणणार नाही. जिवंत होतात तेव्हाही ते तुमच्या तोंडून कधी निघत नव्हतं.

लोक येतात, बसतात, चहा घेतात आणि म्हणतात, देवमाणूस होता. मी मान हलवते. दारात आलेल्या माणसाशी काय भांडायचं? पण संसार मी केला तुमच्याशी, त्यांनी नाही. तुम्ही हट्टी होतात. एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याला उभं ठेवलं असतंत. मेलातही हट्टापायीच, एका टायरच्या नादात. असं गेलेल्या माणसाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मलाच बोलावं लागतंय.

टायर भोकरदनला मिळत होतं. पण तुम्हाला ते जुन्या जालन्यातल्या दुकानातलंच पाहिजे होतं, कारण इथल्या दुकानांत टायर उन्हात पडून शिळं होतं म्हणे. भाकरी शिळी होते हे मला माहीत होतं, टायरही शिळं होतं हे तुमच्याकडून कळलं. ते गळ्यात अडकवून तुम्ही फाट्यावर एसटीतून उतरलात तेव्हा हार घातलेल्या नवरदेवासारखे दिसत होतात आणि मी सगळ्यांसमोर हसले. तुम्हालाही हसू आलं होतं, ते तुम्ही मिशीत दाबलंत. त्या घडीला तुम्ही मला फार आवडलात. तसं सांगितलं नाही, कारण पिंपळगावच्या फाट्यावर बायको नवऱ्याला असलं काही सांगत नसते.

टायर बसवलं लिंबाजीनं. तुम्ही आणि तो एकाच कळपामागं वाढलेले, दोघांच्या घरची मेंढरं एकत्र चरायची आणि दोघांची भाकर एका फडक्यात असायची. पुढं मेंढरं विकली, तुम्ही शेतीला लागलात, तो पंक्चर काढायला लागला. त्याच्या टपरीला जागाही तुम्हीच दिलीत, आपल्या रानाचा रस्त्याकडेचा तुकडा. तेव्हा भावकी बोंबलली होती आणि तुम्ही त्यांना सांगितलंत, माझं रान आहे, मी त्यात लिंबाजी पेरीन. तुमच्या हट्टाचा कोणाला फायदा झाला असेल तर तो तेवढ्या एकाच वेळी झाला.

चाक बसलं आणि तुम्ही खिशातून काळा दोरा काढलात. आपल्या घरची रीतच ती. घरात नवं काही आलं, वासरू असो, पोर असो की पाण्याची मोटर, त्याला सासूबाईंच्या घोंगडीतून उसवलेला लोकरीचा दोरा बांधायचा. ती घोंगडी काळी, काठाला लाल धागा, तोही दोऱ्यात यायचा. ती तुमच्या पेटीत असायची आणि तिला हात लावायची मला परवानगी नव्हती. उसवायचा तुम्ही, बांधायचा तुम्ही. बांधलेला दोरा हातानं सोडायचा नाही, तो आपोआप गळून पडला की नजर घेऊन गेला असं धरायचं. मागच्या चाकाच्या मधोमध, ब्रेकच्या बाजूनं, ड्रमला चांगले वेढे देऊन तुम्ही तो बांधलात आणि गोंडा लोंबता सोडलात. लिंबाजीनं हात जोडले. मग आपण दोघं घरी आलो.

मागची सीट माझी. अंगणवाडीत लागल्यापासून तुम्ही मला रोज सोडायला आलात, रोज आणायला आलात. चिखल असो, धुरळा असो, तुमच्या अंगात ताप असो. त्याचे उपकार तुम्ही कधी दाखवले नाहीत आणि मी कधी आभार मानले नाहीत. आता मानते. पण इतकी वर्षं मागं बसल्यामुळं एक झालं, मागच्या चाकाचं दुखणं तुमच्या आधी माझ्या कमरेला कळायला लागलं. तुम्ही गाडी हँडलवरून ओळखायचात आणि मी ती बुडाखालून ओळखायची. तुम्हाला हे कधी पटलं नाही.

थोड्याच दिवसांत दोरा दिसेनासा झाला. तुम्ही वाकून चाकाकडं पाहिलंत, हात जोडून कपाळाला लावलेत आणि म्हणालात, "गेली नजर." तुमचा चेहरा असा खुलला होता की विचारू नका. आणि त्याच आठवड्यात गाडी बिघडली.

आधी ती जड झाली. उतारावरसुद्धा कोणीतरी मागून धरल्यासारखी चालायची. मग ब्रेकला नुसता पाय लागला तरी मागचं चाक घुर्रर्र करून आवळायचं आणि मी तुमच्या पाठीवर आपटायची. उतरल्यावर ड्रमला बोट लावलं तर चटका बसायचा. आणि वास यायचा. तो वास मी लहानपणापासून ओळखते.

"अहो, लोकर जळून राह्यली."

"कशाची लोकर? ब्रेकचे लायनर बसून राह्यले जागेवर. तुह्या नाकाला काय कळतं?"

"मेंढरं तुमच्याच बापाकडं नव्हती, माह्या बापाकडंबी होती. मला लोकरीचा वास कळतो."

"गाडीत लोकर कुठून येईल? गाडी काय मेंढी हाय का?"

आणि तुम्ही हसलात. मोठ्यानं, मान मागं टाकून. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि खरं सांगते, रोज ऐकू येतो म्हणून बरंही वाटतं आणि तुम्हाला एक ठेवून द्यावीशीही वाटते.

मग तुमची डॉक्टरकी सुरू झाली. ब्रेकच्या सळईचा नट ढिला केलात, तर पायातला ब्रेक पार जमिनीला टेकायला लागला आणि चाक होतं तसंच जड राहिलं. नट पुन्हा आवळलात. चेन जास्त ताणली गेली म्हणालात आणि ती ढिली केलीत. चाक तिरकं बसू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते एक डोळा मिटून पाहिलंत. हवा कमी केलीत, हवा वाढवलीत. मी पाना धरून शेजारी उभी, नेहमीसारखी. जे काही करायचं ते सगळं बाहेरून केलंत. चाक मात्र खोललं नाहीत.

कारण तोवर तुम्ही निकाल देऊन टाकला होता. फाट्यावर चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर तुम्ही म्हणालात, "लिंब्या, तू एक्सलवरचा बुश उलटा घातला. म्हणून चाक जाम होऊन राह्यलं."

लिंबाजी म्हणाला, "बिलकुल न्हाई. बराबर बसवला."

"मंग जाम कामून होतं?"

"खोलून बघू. आण हिकडं."

"खोल ना मंग!"

"खोलतो. पण आधी आळ मागं घे. चार लोकांत बोलला, चार लोकांत मागं घे."

ते तुम्ही कुठून घेणार? घरी आल्यावर मी म्हटलं, मग आपणच खोलू. तर म्हणालात, ज्यानं बिघडवलं त्यानंच खोलायचं, मी खोललं तर उद्या म्हणेल यांनीच बिघडवलं. जणू कोर्टात केस उभी होती. मी म्हटलं, तुम्ही नका, मी खोलते. त्यावर तुम्ही जालन्याला कैलासला फोन लावलात आणि त्याच्या कानावर घातलंत, "तुही माय मिस्त्री झाली." पोरगंही हसलं. त्याचं लेथवर काम करण्यात आयुष्य चाललंय, त्यानं तरी विचारायचं, वास कसला येतो म्हणून. पण तो तुमचाच पोरगा.

त्या दुपारी तुम्ही भोकरदनहून एकटेच येत होतात. फाट्याच्या अलीकडं चाक पुरतं आवळलं, फिरेचना. ऊन असं की कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. गाडी तिथंच लावून चालत आला असतात तरी चाललं असतं. लिंबाजीची टपरी समोर दिसत होती, त्याला हाक मारली असतीत तरी चाललं असतं. तुम्ही काय केलंत? न फिरणारं चाक रस्त्यावरून फरफटत, गाडी ओढत, त्याच्या टपरीवरून पुढं निघालात. त्याला दिसावं म्हणून. लिंबाजी सांगतो, तो धावत आला, म्हणाला, बाबा, थांब, मी बघतो, आळ राहू दे. ऐकलंत का? आळ राहू दे म्हणाला तो. आणि तुम्ही त्याला सांगितलंत, "चाकाला हात लावू नको."

तेच तुमचे शेवटचे शब्द. टपरीच्या पुढं कडुलिंबाच्या झाडापाशी तुम्ही खाली बसलात ते उठला नाहीत. त्यानं तोंडावर पाणी मारलं, घोटभर तोंडात घातलं, पाठ चोळली, रडत जीप थांबवली. दवाखान्यात म्हणाले, हृदय बंद पडलं. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, त्यात काय नवल, ते चाकापेक्षाही घट्ट आवळलेलं होतं. तुमच्या नव्याकोऱ्या टायरची काळी रेघ अजून रस्त्यावर आहे. अंगणवाडीला जाताना मी तिच्या कडेनं चालते, तिच्यावर पाय देत नाही.

हे सगळं मी रागानं लिहितेय. सकाळी दोन कप चहा होतो आणि एक मला ओतून द्यावा लागतो, याचा मला जितका राग येतो तितका कशाचाच येत नाही.

तुम्ही गेल्यावर भावकीला काम मिळालं. सुतकात बसल्या बसल्या त्यांनी ठरवून टाकलं की लिंबाजीनं तुम्हाला मारलं. चाक चुकीचं बसवलं, गाडी जाम झाली, माणूस उन्हात गेला. कैलासनं डोळे पुसत शब्द दिला, "तेरावं होऊ द्या, टपरी उचलतो. आपल्या रानात ठेवत न्हाई." मी म्हटलं, आधी चाक खोलून पाहा. तर तो म्हणाला, "न्हाई, तसंच राहू दे. पुरावा हाय तो." पुरावा! मला क्षणभर वाटलं तुम्हीच परत येऊन बसलात.

लिंबाजी आपल्याकडं फिरकला नाही. फिरकला असता तर त्याला मारलाच असता भावकीनं. टपरी बंद ठेवून तो घरात बसला होता आणि त्याची बायको पाण्याला जाताना आपल्या दारासमोर मान खाली घालायची. जिच्या नवऱ्यानं तुमच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं, तिनं मान खाली घालायची. हे माझ्याच्यानं पाहवेना.

मग मी खोललं. भर दुपारी, अंगणात, सुतकात. बायकांनी तोंडाला पदर लावले. नवरा जाऊन आठवडा झाला न झाला आणि ही पाना घेऊन बसली! बसले. इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभं राहून पाने धरले होते, कोणता नट कोणत्या पान्यानं सुटतो ते मला ताटातल्या वाटीसारखं माहीत. सळईचा नट काढला, आर्मचा बोल्ट काढला, एक्सलचा नट सुटेना तर पान्यात पाईप घालून त्यावर पाय देऊन उभी राहिले. एक्सल बाहेर आला आणि बुश मातीत पडला. उलटा नव्हता. बराबर होता. लिंबाजीनं बसवला तसाच.

चाक काढलं, पण ब्रेकची प्लेट ड्रममधून निघेना. उखळाजवळचं मुसळ आणलं आणि बेतानं ठोकलं. प्लेट सुटली, आणि तो वास भपकन अंगणात आला. जळकी लोकर आणि ऑइल. आत लायनर आणि ड्रमच्या मधे एक काळं कडं दाबून बसलं होतं. धाग्याचं रूप राहिलं नव्हतं, ऑइल पिऊन, तापून, चेपून त्याची घोंगडीच झाली होती म्हणा ना. नखानं उकललं तर आतून लाल धागा दिसला.

तुमचा दोरा. नजर घेऊन कुठं गेला नव्हता, चाकातच शिरला होता. गोंडा आधी ओढला गेला असेल आणि मागून सगळे वेढे. आणि दोरा गळाला म्हणून तुम्ही हात जोडून कपाळाला लावत होतात.

मी हसले. अंगणात एकटी बसून खदाखदा हसले. बायका म्हणाल्या, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मग रडू आलं तेव्हा त्यांना बरं वाटलं.

तेराव्याला, घरचा नवा कर्ता म्हणून कैलासला टोपी-टॉवेल चढवायला सगळे पाहुणे जमले होते. मी माणूस पाठवून लिंबाजीला बोलावून घेतलं. तो दाराबाहेरच उभा राहिला. टोपी चढवायच्या आधी मी ते कडं कैलाससमोर पाटावर ठेवलं आणि म्हटलं, "हे चाकातून निघालं. बघा, कोणाचं हाय."

तुमच्या थोरल्या चुलत्यांनी हातात घेतलं, लाल धागा उन्हात धरला आणि हळूच म्हणाले, "ही तं म्हातारीच्या घोंगडीची लोकर हाय."

"ह्यांनी बांधली," मी म्हटलं. "आपल्या हातानं. बुश बराबर होता, लिंबाजीभाऊंचं काहीच चुकलं न्हाई."

कैलासचा चेहरा लालबुंद झाला. "माय, गेलेल्या माणसाची इज्जत काढून राह्यली का चार लोकांत?"

"जित्या माणसाची काढली होती चार लोकांत. ती परत देऊन राह्यले."

तुम्हाला लाज वाटली असेल, तर वाटू द्या. मला अजिबात वाटली नाही. टपरी उचलायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. कैलास मात्र माझ्याशी बोलत नाही. बोलेल. नाही बोलला तर तुमच्यावर गेला म्हणेन.

मला वाटलं होतं लिंबाजी खूश होईल. त्यानं ते कडं हातात घेतलं, नाकाशी नेलं, तुम्हाला एक घाणेरडी शिवी दिली आणि उंबऱ्यावर बसला. "वहिनी, आता ह्याचा मला काय उपेग? त्याला दाखवायचं होतं." तेव्हा मला कळलं की या गावात माझ्यासारखं आणखी एक माणूस आहे. आम्ही दोघंही खरे निघालो आणि ज्याच्यापुढं खरं निघायचं होतं तोच नाही.

चाक बसवायला मी त्यालाच सांगितलं. तो अंगणात आला, पण हात मागं बांधून उभा राहिला. म्हणाला, "म्या न्हाई लावणार हात. त्यानं मरताना सांगितलं." मी म्हटलं, अहो, त्यांचं काय ऐकता, ते जन्मभर काहीबाही सांगत आले. तर नाहीच. सूड होता तो की माया, मला सांगता येणार नाही. तुम्हा दोघांच्यात ते कधी वेगळं नव्हतंच. शेवटी तो उभा राहून सांगत गेला आणि मी बसवत गेले. "ड्रम फडक्यानं पुसून घ्या. आता प्लेट. चाक आत घ्या. बुश त्या बाजूनं. वहिनी, आर्मचा बोल्ट इसरू नका, तो राह्यला तं ब्रेक मारल्याबराबर प्लेटच फिरती अन् माणूस तोंडावर पडतो. खुणा सारख्या करा. हां. आता आवळा." मी आवळलं. चाक फिरवलं. ते फिरत राहिलं आणि लिंबाजीनं तिकडं पाठ केली.

घोंगडीची पेटी आता मी उघडते, तुम्हाला विचारत नाही. तिच्यातून दोरा मात्र काढला नाही.

कैलासनं तुमच्या फोटोला चंदनाच्या सालीचा हार आणला होता. तो मी काढून ठेवला आणि त्या खिळ्याला ते काळं कडं अडकवलं. अगदी तुमच्या गळ्याभोवती येतं, टायर घालून एसटीतून उतरला होतात तसं. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय? मी पहिल्यापासून सगळं सांगते. काही जण चपापतात, काही जण हसतात. मी हसू देते.

संध्याकाळी दिवा लावायला गेले की नाक त्या कड्याजवळ नेते. ऑइलचा वास येतो, तुमच्या सदऱ्याला यायचा तसा. आणि त्याच्याखाली तो दुसरा वास, अजून तसाच. तेव्हा तुमच्या तोंडाकडं बघून रोज तेच म्हणते. अहो, लोकर जळून राह्यली होती. म्हणा आता न्हाई म्हणून. म्हणा की.